तीस की एकतीस : एका दोनशिक्षकी शाळेच्या अनुदानाचं प्रकरण

हे प्रकरण मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेचं आहे. गाव, तालुका, माणसं यांची नावं आणि नेमकं वर्ष मुद्दाम सांगत नाही. त्या काळात मी पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात लेखा बघत होतो. म्हणजे मी काही लांबून बघणारा नाही. झालेल्या चुकांत एक माझीही आहे, ती पुढे येईलच.

पार्श्वभूमी

पहिली ते पाचवीची शाळा, दोन खोल्या, दोन शिक्षक. मुख्याध्यापिका बाई बारा वर्षं त्याच केंद्रात. एका खोलीवर पत्रे, दुसरीवर जुनी कौलं. कौलांच्या खोलीत पावसाळ्यात फळ्याखाली बादली असायची. बादली कुठे ठेवायची यासाठी फरशीवर खडूने गोल काढलेला होता, आणि तो दरवर्षी थोडा सरकायचा. भिंतीवर लोकवर्गणीतून घेतलेला स्मार्ट टीव्ही होता, त्यावर जुनी चादर. थकबाकीपोटी वीज तोडलेली, त्यामुळे टीव्ही नऊ महिने चादरीखालीच होता.

हजेरीपटावर 33 मुलं. त्यातली तीन एकाच घरातली भावंडं. त्यांचे वडील दोन पाडव्यांपूर्वी दुसऱ्या तालुक्यातून या गावात सालगडी म्हणून आले. शेतमालकाशी वर्षाचा करार पाडव्याला होतो आणि पाडव्यालाच सुटतो. या गड्याला दुसऱ्या वर्षीही ठेवून घेतलं, म्हणून मुलं शाळेत टिकली. ही तीन मुलं लक्षात ठेवा, प्रकरण त्यांच्यावरच फिरतं.

पैसा शाळेपर्यंत कसा उतरतो

मार्चमध्ये विधिमंडळात अर्थसंकल्प मांडला जातो आणि दुसऱ्या दिवशी ‘शिक्षणावर इतके हजार कोटी’ अशी बातमी येते. गावातल्या लोकांना वाटतं, त्यातले काही तरी आपल्या शाळेच्या खात्यात येत असतील. त्यातला बहुतेक पैसा पगार आणि निवृत्तिवेतनाचा असतो. सर्वसाधारण शिक्षणाचं लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी हिशेबातलं खातं, 2202. त्याखालची तरतूद बीम्स या राज्याच्या निधीवाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवरून टप्प्याटप्प्याने खाली येते, जिल्हा परिषदेकडे पोचते आणि शालार्थ या पगाराच्या प्रणालीतून शिक्षकांच्या खात्यात जाते. तो पैसा शाळेला शिवतही नाही. शिवावा असंही नाही, पण बातमीतला आकडा आणि फळ्याखालची बादली यांचा संबंध का लागत नाही, ते यावरून कळतं.

शाळेच्या हातात खरोखर येणारा पैसा म्हणजे समग्र शिक्षेचं संयुक्त शाळा अनुदान. समग्र शिक्षा ही केंद्र आणि राज्याची शालेय शिक्षणाची एकत्र योजना, 2018 पासूनची. आपल्या राज्यात त्यात केंद्राचे 60 टक्के आणि राज्याचे 40. शाळांची माहिती गटाकडून जिल्ह्याकडे, तिथून मुंबईला महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेकडे जाते. परिषद वार्षिक कार्ययोजना व अंदाजपत्रक बनवते आणि दिल्लीत प्रकल्प मान्यता मंडळ त्याला मंजुरी देतं. मग केंद्राचा हप्ता, त्यावर राज्याचा हिस्सा. आधीच्या हप्त्याची उपयोगिता प्रमाणपत्रं, म्हणजे पैसे कशावर खर्च झाले याचे दाखले, अडली की पुढचा हप्ताही अडतो. या सगळ्यातून उतरता उतरता शाळेपर्यंत येईस्तोवर बऱ्याचदा मार्च उजाडतो.

अनुदान किती, हे पटावर ठरतं. 1 ते 30 मुलांना 10,000 रुपये, 31 ते 100 ला 25,000, 101 ते 250 ला 50,000, 251 ते 1000 ला 75,000 आणि त्यापुढे 1 लाख. त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. पट मात्र हजेरीपटावरचा धरत नाहीत, आधीच्या वर्षी यू-डायसवर, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर, नोंदलेला धरतात.

इथे थोडा हिशेब करू. 30 मुलांच्या शाळेला मुलामागे 333 रुपये पडतात. 31 मुलांच्या शाळेला 806. 100 मुलांच्या शाळेला 250. एकतिसाव्या मुलाची किंमत 15,000 रुपये! टप्पे ठेवण्यामागचं कारण मला समजतं. लहान शाळेलाही मीटर एकच, टाकी एकच, खर्च मुलागणिक वाढत नाही. पण ते कारण खरं मानलं, तर तीस मुलांच्या शाळेचा मीटर एकतीस मुलांच्या शाळेच्या मीटरपेक्षा हळू फिरायला हवा.

अडचण

19 मार्चला शाळेच्या नावावर लिमिट दिसली. 2021 पासूनच्या पद्धतीत शाळेच्या खात्यात पैसे येत नाहीत, खातं शून्य शिलकीचं असतं. वर एकच मुख्य खातं असतं आणि त्यातून इतके रुपये खर्च करायची मुभा शाळेला मिळते, तीच लिमिट. 31 मार्चला उरलेली मुभा संपते. आधी पैसे बँकेत पडून राहायचे, त्यांचं व्याज कुठे जायचं कुणाला ठाऊक. ते थांबलं हे बरंच झालं. पण पूर्वी शाळेला मार्चमधले पैसे जूनमध्ये वापरता यायचे, तेही थांबलं.

बाईंची अपेक्षा 25,000 ची होती. लिमिट आली 10,000 ची. त्यांनी मला फोन केला.

“सर, आमचं एक शून्य वगैरे राहिलं का टाकायचं?”

मी यादी काढली. यू-डायसवर शाळेचा पट 30. हजेरीपटावर 33. फरक त्या तीन भावंडांचा. मुलं आधी ज्या शाळेत होती, तिने त्यांना पोर्टलवर सोडलेलंच नव्हतं. मूल शाळा बदलतं तेव्हा जुन्या शाळेने त्याचं नाव मोकळं करायचं, मग ते ड्रॉप बॉक्समध्ये जातं आणि नवी शाळा त्याचा कायम शिक्षण क्रमांक टाकून उचलून घेते. जुन्या शाळेने हे केलं नाही, तर मूल कागदावर तिथेच राहतं. ही तिघं तिथे नुसती राहिली नव्हती, दरवर्षी वरच्या वर्गातही जात होती! इथे बाई त्यांना पाढे शिकवत होत्या आणि ती तिकडे पास होत होती.

बाईंनी दोनदा विनंती पाठवली होती, दोन्ही वेळा ती तशीच पडून राहिली. पुढे कळलं ते असं, की त्या शाळेचा पट 62 होता. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाने साठपर्यंत दोन शिक्षक, एकसष्टपासून तिसरा. तीन मुलं सोडली की 59. आपला तिसरा शिक्षक अतिरिक्त ठरेल, या धास्तीने ते मुख्याध्यापक गप्प बसले होते. त्यांनी केलं ते चूकच. पण तीन शिक्षकांत पाच वर्ग चालवणाऱ्या माणसाला दोन शिक्षकांत चालवायला सांगून बघा, म्हणजे ती चूक कशी सुचते ते कळेल.

शाळेच्या गरजा तीन होत्या. विजेची थकबाकी 11,640 रुपये. कौलांची खोली. आणि बाईंनी वर्षभर खिशातून केलेला 3,900 रुपयांचा खर्च: खडू, हजेरीपट, प्रिंटरची शाई आणि वीज तुटण्यापूर्वी भरलेलं एक बिल. हातात 10,000 रुपये आणि बारा दिवस. त्यात रविवार आणि सुट्ट्या.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय दारात चालत आला. मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात तालुक्यात एजन्सीवाले फिरतात. त्यांच्याकडे ‘शाळा संच’ असतो: तक्ते, पृथ्वीचा गोल, दोन दोऱ्या, एक चेंडू, कचऱ्याचे दोन डबे. डबे घातले की स्वच्छतेचे 10 टक्केही बसतात. बिल 9,990 रुपये, जीएसटीसह, पोर्टलवर वेंडर म्हणून नोंद आधीच झालेली. दहा मिनिटांचं काम. त्या वर्षी तालुक्यातल्या किती तरी शाळांनी तो संच घेतला आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. कारण 20 मार्चला मुख्याध्यापकांच्या ग्रुपवर मीच निरोप टाकला होता, ‘31 मार्चपूर्वी 100 टक्के खर्च करावा, अखर्चित राहिल्यास मुख्याध्यापक जबाबदार.’ जिल्ह्यावरून आला तसाच पुढे ढकलला. कशावर खर्च करा, याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं.

दुसरा पर्याय, सगळे पैसे विजेला. स्वच्छतेचे किमान 1,000 बाजूला काढले, तर 9,000 उरतात आणि थकबाकी त्याहून जास्त. अर्धवट भरणा घेऊन वीज कंपनी पुरवठा जोडेल का, हे कुणालाच माहीत नव्हतं. ते बाईंनी जाऊन विचारेपर्यंत तसंच राहिलं.

तिसरा पर्याय, बाईंनी स्वतःचे पैसे काढून घ्यायचे. पावत्या होत्या, खर्च खरा होता. पण काही पावत्या शाळेच्या नावावर नव्हत्या, आणि खर्चाआधी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव झालेला नव्हता. मुख्याध्यापकाने स्वतःच वेंडर व्हायचं आणि स्वतःलाच पैसे द्यायचे, हे लेखापरीक्षणात पहिल्या पानावर येतं. समितीचे अध्यक्ष म्हणाले, “मागच्या तारखेचा ठराव करू की, सही माझीच आहे.” बाई नको म्हणाल्या. मी तेव्हा काहीच बोललो नाही.

चौथा पर्याय, ग्रामपंचायत. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला, 40 टक्के अबंधित. शाळेची पाण्याची टाकी, हात धुण्याचे नळ यांना तो निधी वापरता यायचा. पण ग्रामपंचायतीचा आराखडा 2 ऑक्टोबरपासूनच्या ग्रामसभांत ठरतो आणि मग पोर्टलवर चढतो. ग्रामसेवक म्हणाले, “बाई, ऑक्टोबरात या की. मार्चात आमचीच पळापळ असते.” उरला ग्रामपंचायतीचा स्वनिधी, म्हणजे घरपट्टी-पाणीपट्टी. ती मार्चमध्येच थोडीफार वसूल होते. ही एक खिडकी उघडी होती.

कौलांच्या खोलीला संयुक्त अनुदानातून हात लावणं शक्यच नव्हतं. तिला जिल्हा वार्षिक योजना हाच रस्ता. शाखा अभियंत्याने अंदाजपत्रक करायचं, जिल्हा परिषदेने यादी करायची, जिल्हा नियोजन समितीचा निधी, मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता. तिथे एक सोय आहे. या निधीला जिल्हा परिषदेला दोन वर्षं मिळतात, शाळेच्या दहा हजारांना जेमतेम बारा दिवस.

काय केलं

21 मार्चला बाई वीज कंपनीच्या उपविभागात गेल्या. अर्ध्याहून जास्त रक्कम आता आणि उरलेली पंधरा दिवसांत, असं लेखी दिलं तर पुरवठा जोडतो, असं तिथल्या अभियंत्याने सांगितलं. मला विचाराल तर सगळं प्रकरण इथे वळलं. नऊ महिने हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. सगळे धरून चाललो होतो की थकबाकी म्हणजे पूर्ण भरायची किंवा भरायचीच नाही.

22 तारखेला समितीची बैठक झाली. नऊ सदस्य आले, त्यात सहा आया. अध्यक्षांचा कल संचाकडे होता, पोरांना चेंडू मिळेल म्हणून. एक आई म्हणाली, “टीव्हीसाठी मी तीनशे दिलेत. तो एकदा तरी लागू द्या.” ठराव झाला: विजेला 6,500, शाई-कागद-रजिस्टरला 2,100, आणि नळ, फिनेल, झाडू, शौचालयाची कडी यांना 1,400. बाईंच्या खिशातल्या 3,900 चा विषय बाईंनीच काढला नाही.

मग खर्चाचं पोर्टल. एकाने त्यावर बिल चढवायचं, दुसऱ्याने मान्य करायचं, त्यावर भरणा आदेशाचा कागद निघतो, तो सही-शिक्क्यासह बँकेत द्यायचा. गावात नेटवर्क नाही. बाई आणि अध्यक्ष 26 तारखेला माझ्या टेबलाशेजारी बसले. सकाळी अकराला सुरू केलं, तिसरं बिल संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी चढलं. मार्चअखेरीला राज्यभरातल्या शाळा एकाच दारातून आत शिरत असतात. मध्ये अध्यक्षांच्या मोबाइलवरचा ओटीपी येईना, कारण त्यांचा फोन मुलाने शेतात नेला होता. 27 तारखेला कागद बँकेत दिले.

ग्रामपंचायतीने स्वनिधीतून 3,000 दिले. उरलेले 2,140 लोकवर्गणीचे.

काय झालं

विजेचे 6,500 गेले. कागद-शाईचे 2,100 गेले. हार्डवेअरच्या दुकानाचे 1,400 परत आले. दुकानदाराची बँक दुसऱ्या मोठ्या बँकेत विलीन झाली होती आणि वेंडर नोंदणीत बँकेचा जुना आयएफएससी कोड राहिला होता. व्यवहार फसल्याचं मला 2 एप्रिलला दिसलं. तोवर लिमिट शून्य. नळ बसलेले, फिनेल अर्धं संपलेलं, दुकानदाराचे पैसे बाकी. ते बाईंनी दिले. म्हणजे 3,900 चे 5,300 झाले.

गंमत अशी, की नेमकी स्वच्छतेची रक्कमच परत गेली. उपयोगिता प्रमाणपत्रात स्वच्छतेवर खर्च शून्य दिसला आणि जूनमध्ये शाळेला खुलासा मागवणारं पत्र गेलं. ते पत्र मीच टाइप केलं होतं. खुलाशाचा मसुदाही मीच करून दिला.

15 एप्रिलला वीज आली. टीव्हीवरची चादर काढली तर रिमोटचे सेल फुटून गंज धरलेला. सेल आणले. उन्हाळी सुट्टी लागेपर्यंत मुलांना दोन आठवडे मिळाले.

तीन भावंडांचं काम वेगळ्याच वाटेने झालं. दोन्ही तालुक्यांच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांची पत्रं झाली, स्मरणपत्रं झाली, काही हललं नाही. जुलैमध्ये त्या जुन्या शाळेतला तिसरा शिक्षक जिल्ह्यांतर्गत बदलीने गेला. जागा रिकामी झाल्यावर धास्तीला कारणच उरलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिन्ही नावं मोकळी झाली. बाईंनी त्याच संध्याकाळी उचलून घेतली. 30 सप्टेंबरचा पट 33 लागला.

तरी त्या वर्षीचं अनुदान 10,000 च आलं, कारण ते आधीच्या आकड्यावर होतं आणि त्यात ही मुलं नव्हती. 25,000 त्याच्या पुढच्या वर्षापासून. जुन्या शाळेने वेळेवर एक बटण दाबलं नाही, त्याचे इथे दोन वर्षांत 30,000 गेले.

खोलीचं अंदाजपत्रक एप्रिलमध्ये झालं, फेब्रुवारीत प्रशासकीय मान्यता मिळाली. मधल्या पावसाळ्यात बादलीचा गोल आणखी एकदा सरकला.

वेगळं काय करता आलं असतं

आकडा वेळेत पाहायला हवा होता. यू-डायस भरून झाल्यावर त्याची छापील प्रत निघते. मुख्याध्यापक सही करतात आणि फाइलला लावतात. ती प्रत ऑक्टोबरच्या समितीच्या बैठकीत मोठ्याने वाचली असती, तर कुठल्याही आईने सांगितलं असतं की सालगड्याची पोरं यात नाहीत. बाईंना फरक माहीत होता, पण तो पैशाचा फरक आहे हे माहीत नव्हतं. 30 आणि 31 मधलं अंतर त्यांना आम्ही कधी सांगितलंच नव्हतं. परिपत्रकात तक्ता असतो. तो वाचून दाखवायला कुणाला सवड नसते.

शाळा विकास आराखडा कायद्याने समितीनेच करायचा असतो. या शाळेतही होता. आदल्या वर्षीचा उतरवलेला, त्यात ‘संगणक कक्ष’ आणि ‘संरक्षक भिंत’. 10,000 आले तर पहिले कशाला, 25,000 आले तर कशाला, असं एक पान जानेवारीत लिहून ठेवलं असतं, तर एजन्सीवाल्याला सांगायला उत्तर तयार असतं.

माझी चूक दोन ठिकाणी. तो निरोप मी तसाच ढकलायला नको होता. त्याखाली ‘आधी वीज आणि पाणी’ एवढं लिहायला काही लागत नव्हतं. आणि वेंडरचे बँक तपशील डिसेंबरात तपासायला हवे होते. विलीन झालेल्या बँकांचे कोड बदललेत हे मला माहीत होतं, माझ्या स्वतःच्या खात्याचा बदलला होता. पुढच्या वर्षी डिसेंबरात मी तालुक्याची वेंडर यादी काढली आणि बदललेले कोड शाळांकडून दुरुस्त करून घेतले.

मागच्या तारखेच्या ठरावाबद्दल मात्र माझं मत अजून पक्कं नाही. बाईंचा नकार नियमाने बरोबर होता. पण वर्षभर शाळा ज्यावर चालली तो पैसा परत मिळायला वाटच नसावी, हेही मला पटत नाही. वर्षाच्या सुरुवातीलाच समितीने ‘मुख्याध्यापकांनी अमुक मर्यादेपर्यंत किरकोळ खर्च करावा, पावती शाळेच्या नावे घ्यावी’ असा ठराव केला, तर निदान लेखापरीक्षकापुढे ठेवायला कागद असतो. आता त्या शाळेत जूनच्या पहिल्या बैठकीत तो ठराव होतो. बाईंचे 5,300 मात्र आजही परत आलेले नाहीत.

राज्याच्या पातळीवर बदलायचं झालं तर मी दोनच गोष्टी मागेन. मंजूर रकमेचा निम्मा भाग जूनमध्ये द्या, मग तो थोडा कमी असला तरी चालेल. जूनमधले पाच हजार मार्चमधल्या दहा हजारांपेक्षा जास्त कामाचे. आणि टप्प्यांच्या पायऱ्या मोडून एक ठराविक रक्कम अधिक मुलामागे काही रक्कम असं सूत्र धरा. म्हणजे एका मुलाच्या येण्याजाण्यावर पंधरा हजार लटकणार नाहीत, आणि जुन्या-नव्या शाळांत मुलांची अशी ओढाताण होणार नाही.

पुढचा आकडा

परवा बाईंचा फोन आला होता. यंदा पाचवीतून सहा मुलं जाणार, त्या भावंडांतली थोरली त्यातच. पहिलीत चार येणार. म्हणजे सप्टेंबरला 31. त्यात सालगड्याची धाकटी दोघं.

बाई शेतमालकाच्या घरी जाऊन आल्या. गड्याला पुढच्या सालाला ठेवणार का, असं थेट विचारलं. तो चहाचा कप पुढे करत म्हणाला, “बाई, पाडव्याला बघू.”